बेसवर स्वर थांबवायचा कसा

बँडमध्ये सात वर्षं वाजवून झाल्यावर आमचं पहिलं नीट रेकॉर्डिंग झालं. मिक्सिंगला बसलेल्या माणसाने मध्येच बाकी सगळं बंद केलं आणि माझा बेस गिटार तेवढा लावला. स्वर बरोबर होते, लय सुटलेली नव्हती. पण एक स्वर दुसऱ्यात सांडत होता. बेसच्या चार तारा, जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी. मी डी तारेवर गेले तरी ए तार मागे घुमतच होती. मग त्याने ड्रमचे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा, कडक आवाजाचा) जोडले. स्नेअर पडायच्या जागी माझा स्वर अजून पसरलेला, त्यामुळे स्नेअर दबलेला. त्याने दोन ओळींपुरता माझा प्रत्येक स्वर स्नेअरच्या अलीकडे कापला आणि पुन्हा लावलं. तेच स्वर, तोच वेग, पण आता मान आपोआप डोलायला लागली.

त्या रात्री मी पहिल्यांदा स्वर थांबवण्याचा रियाज केला. तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आता एकसष्ट पूर्ण झाली, आणि तो रियाज अजून चालू आहे. बोट कुठे ठेवायचं ते कुठल्याही शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात. ते कधी सोडायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे सगळं त्याच बाजूने सांगते.

हा प्रश्न मुळात इलेक्ट्रिक बेसचा. उभ्या डबल बेसची तार बोटाने छेडली की स्वर लवकर विझतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, त्याची बॉडी भरीव लाकडाची, तारेची वाजती लांबी ३४ इंच आणि नेकवर, म्हणजे डावा हात फिरतो त्या दांड्यावर, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या. फ्रेटमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून ते नाव. पण भरीव लाकडावर तार बराच वेळ वाजत राहते. खालची ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, आणि एवढा खालचा स्वर रेंगाळला की किकही त्यात बुडते. ब्रिजवरच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागावरच्या, धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असायचा तो यासाठीच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर वाजवणारा जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर तो फोम तसाच ठेवून, जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारांवर, उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा. कॅरल के मूळची गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस उचलला, आणि पुढे पिकने (तार छेडायच्या छोट्या पत्रीने) वाजवताना तीही तारा दाबून ठेवायची. तिचं वाजवणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रत्येक स्वराला कडा आहे असं वाटलं होतं.

तेव्हा सुरुवात तिथूनच करा. स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजला लागून चारही तारांखाली सरकवा, तारा नुसत्या टेकतील इतपत. आठवडाभर तसंच वाजवा. तुमची नेहमीची गाणी अचानक मोकळी वाटतील. कान त्या मोकळेपणाला सरावला की स्पंज काढा. आता तेच काम हातांनी करायचं आहे.

त्याआधी वाद्य तपासून घ्या. तारा उंच असतील तर डावा हात दाबण्यातच दमतो, सोडण्याकडे लक्ष जात नाही. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट बघा. पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असावी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) उजवीकडे फिरवून घट्ट करायचा, पण एका वेळी फार तर पाव फेरा. मग नेकला थोडा वेळ द्यायचा, तारा पुन्हा सुरात लावायच्या आणि परत मोजायचं. रॉड अडला तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. त्यानंतर ब्रिजवरच्या सॅडलने (प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या छोट्या पट्टीने) तारांची उंची ठरवा. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे.

आता उजवा हात. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवायचं हे तुम्हाला माहीत असेल. महत्त्वाचं आहे ते बोट छेडून झाल्यावर कुठे जाऊन थांबतं ते. ते हवेत उडता कामा नये. डी तार छेडली की बोट सरळ शेजारच्या ए तारेवर येऊन टेकलं पाहिजे. छेडणं आणि शेजारची तार गप्प करणं एकाच हालचालीत झालं. राहिली ई तार, ती अंगठ्याची. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या डबीवर) कायमचा रोवून बसू नका. ई तार वाजवताना तो पिकअपवर असू दे. ए वाजवायला गेलात की तो ई तारेवर उतरवा. डी आणि जी तारांवर गेलात की आणखी खाली आणा, म्हणजे त्याची कड ई आणि ए दोन्हींवर टेकेल. सुरुवातीला अंगठा विसरतो. मी महिनाभर दुसरं काही न वाजवता मोकळ्या चार तारांवर हा अंगठाच खालीवर नेत होते. कंटाळवाणं काम आहे, पण यातला सगळ्यात जास्त फायदा त्या महिन्याने दिला.

डाव्या हाताची गोष्ट बारीक आहे, म्हणून सावकाश सांगते. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजवा. आता तो थांबवा. बहुतेक जण बोट उचलतात. उचललं की तार फ्रेटवरून सुटताना 'टुक' असा आवाज होतो आणि मोकळी ई तार हलकेच बोलू लागते. बोट उचलायचं नाही. नुसता जोर काढायचा, तार फ्रेटवरून वर येईल पण बोटाचा मांसल भाग तिच्यावर टेकलेलाच राहील. स्वर विझेल, दुसरं काही वाजणार नाही. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर मात्र हीच युक्ती फसते. तिथे बोट नुसतं टेकलं की घंटेसारखा हार्मोनिक निघतो. म्हणून जोर काढताना शेजारचं दुसरं बोटही तारेवर आडवं पडू द्या. दोन ठिकाणी स्पर्श झाला की हार्मोनिकला जागा उरत नाही. मी तर कुठल्याही फ्रेटवर दोन बोटांचीच सवय लावून घेतली, म्हणजे विचार करावा लागत नाही.

हे जमलं की मेट्रोनोम काढा. वेग ६०. चार मात्रा मोजत पहिल्या मात्रेवर तोच जी वाजवा आणि दुसरी मात्रा पडते त्याच क्षणी थांबवा. आवाज ठोक्याच्या आधी तुटू नये आणि ठोक्याच्या पलीकडे शेपूट राहू नये. काही वेळाने तो तिसऱ्या मात्रेवर थांबवा, मग चौथ्या. इथे एक चूक हमखास होते: तीन मात्रांचा स्वर म्हणजे 'तीन' म्हणून होताच सोडायचा असं वाटतं. तिसरी मात्रा पूर्ण व्हायला हवी, म्हणजे स्वर 'चार'वर थांबतो. तोंडाने म्हणून बघा: एक, दोन, तीन, गप्प. 'गप्प' या शब्दावर हात सैल.

मग मेट्रोनोम ४० वर आणा आणि त्याचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडताहेत असं धरा. म्हणजे तुम्ही ८० च्या वेगाने वाजवताय आणि मेट्रोनोम तुमचा स्नेअर झालाय. एकवर स्वर, दोनच्या ठोक्याला थांबा. तीनवर स्वर, चारच्या ठोक्याला थांबा. नीट जमलं की ठोका एकदम मोठा ऐकू यायला लागतो, कारण त्याच्याभोवती शांतता असते. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी जे ऐकलं ते हेच.

फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा, लहरींचं चित्र दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. मध्ये मध्ये सपाट रेघ दिसली पाहिजे. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दीड मिनिटात एकही सपाट जागा नव्हती. सपाट रेघ दिसू लागली की तीन तारांवर जा: ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी, ए तारेवर पाचव्या फ्रेटचा डी, डी तारेवर पाचव्याच फ्रेटचा वरचा जी. वर जाताना फारसा त्रास होत नाही. खाली येताना मागे सोडलेली वरची तार घुमते, आणि ती डाव्या हाताच्या बोटांच्या सपाट भागानेच गप्प करावी लागते, उजवा हात तिथे पोचत नाही.

स्लॅपबद्दल थोडंच सांगते, कारण मी ते क्वचित वाजवते. बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचा आणि त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. म्हणून किकच्या जागी अंगठ्याचा फटका आणि स्नेअरच्या जागी तार ओढून सोडणं, असं ते सुरू झालं. स्लॅप शिकताना एवढं डोक्यात ठेवलंत तर कुठे फटका हवा आणि कुठे नको ते आपसूक कळेल.

आता हे चाळीस-पन्नास वर्षं टिकवायचं कसं. माझ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी डाव्या मनगटात कळा यायला लागल्या, रात्री बोटांना मुंग्या यायच्या. मी दोन महिने दुर्लक्ष केलं आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन महिने वाजवणं बंद ठेवावं लागलं. ते तीन महिने फार वाईट गेले. मुंग्या रात्रभर राहायला लागल्या तर तुम्ही माझ्यासारखी वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

परत सुरू केल्यावर तीन गोष्टी बदलल्या. पट्टा आखूड केला, बसल्यावर बेस जिथे असतो तिथेच तो उभं राहिल्यावरही असावा इतका, म्हणजे मनगट वाकत नाही. रुंद पट्टा घेतला. आणि खालच्या फ्रेटवर एका फ्रेटला एक बोट हा हट्ट सोडला. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळपास १३ सेंटिमीटर अंतर असतं, बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. तेव्हा पाचव्या फ्रेटच्या खाली डबल बेसवाल्यांसारखं वाजवा: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, अनामिका करंगळीला आधार देत. त्यासाठी हात थोडा सरकवावा लागतो, पण ताण राहत नाही. हात अगदीच लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बेस घ्यायला मुळीच संकोच नको. तेही पूर्ण वाद्य आहे.

जोर किती लावताय ते कळायला डावा अंगठा नेकवरून काढा आणि तसंच वाजवा. नुसत्या हाताच्या वजनाने स्वर स्वच्छ लागतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकी वर्षं नेक कशाला आवळत होते असं झालं. उजव्या हाताचंही तसंच: अ‍ॅम्पचा आवाज वाढवा आणि बोटं हलकी करा. हलक्या बोटाने छेडलेला स्वर थांबवायलाही सोपा.

कान जपा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. बँडची तालीम त्याच्या आसपास सहज जाते. खालचे-वरचे सगळे स्वर सारखेच कमी करणारे, संगीतकारांसाठी बनवलेले इअरप्लग वापरा. शिवाय जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प तुमच्या गुडघ्यांना ऐकवतो, कानांना नाही, आणि मग आवाज वाढवत नेला जातो. तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा.

दर महिन्याला एक बेसलाइन कानाने उतरवा. आधी गाऊन बघा, स्वर कुठे तुटतो तिथे श्वासही तोडा, मगच बेस हातात घ्या. मी वहीत स्वरांची नावं लिहिते आणि प्रत्येक नावापुढे तो जितका लांब तितकी रेघ ओढते. तीस वर्षांपूर्वीच्या वहीत नुसती नावं आहेत, त्यावरून मला आज काहीच वाजवता येत नाही.

आणि ड्रमरबरोबर एकट्याने बसा. त्याला फक्त किक आणि स्नेअर वाजवायला सांगा, हाय-हॅटही (पायाने मिटणाऱ्या झांजाही) नको. तुम्ही एकच स्वर धरा आणि त्याच्या पायाकडे बघत राहा. पाच मिनिटं स्वर स्नेअरपर्यंत ओढा, पाच मिनिटं किकनंतर लगेच तोडा, पाच मिनिटं स्नेअरच्या पलीकडे जाऊ द्या. मग त्याला विचारा, "माझा स्वर तुझ्या स्नेअरवर चढतोय का?" आमचा ड्रमर अजूनही मान न उचलता काठीनेच खूण करतो, आणि मी अंगठा खालच्या तारेवर नेते.