गूगल अ‍ॅड्स नव्याने शिकताय? आधी कीवर्ड नीट लावा

डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आलेली मुलं पहिल्या दिवशी कीवर्ड प्लॅनर (कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द, सुचवणारं गूगलचं साधन) उघडतात, शे-दोनशे शब्द उचलतात आणि सगळे एकाच अ‍ॅड ग्रुपमध्ये, म्हणजे कीवर्ड आणि त्यांच्या जाहिरातींच्या एकाच गटात, टाकतात. मग बजेट दुपारपर्यंत संपतं आणि ऑर्डर मात्र येत नाही. शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय, यावरून कीवर्डचे गट पाडायला शिकलात, तर निम्मं काम जमलं असं समजा.

मी रत्नागिरीच्या एका हापूस बागायतदाराचं खातं सांभाळते. आंबा थेट घरपोच, तोही फक्त मुंबई-पुण्यात. आता 'हापूस' हा शब्द कोण कोण टाइप करतं बघा. पेटी मागवणारा असतोच. पण कलमं घेऊन बाग लावणारा शेतकरी, तुडतुड्यावर कोणती फवारणी करावी हे शोधणारा, वाशी मार्केटचा आजचा दर बघणारा व्यापारी आणि आमरसाची रेसिपी शोधणारी गृहिणीही असते. आपल्याला पैसे मोजायचेत ते पहिल्यासाठी.

म्हणून आमच्याकडे पेटीचा गट वेगळा, पल्पचा वेगळा, भेट म्हणून पाठवायच्या बॉक्सचा वेगळा. प्रत्येक गटाची जाहिरात आणि लँडिंग पेजही (क्लिक केल्यावर उघडणारं पान) वेगळं. गूगल १ ते १० मध्ये जो क्वालिटी स्कोअर दाखवतं, त्यात क्लिक येण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते आणि पेजचा अनुभव, या तीन गोष्टी बघितल्या जातात. पल्प शोधणाऱ्याला पेटीचं पेज दाखवलं, तर तिन्हीकडे मार बसतो.

मॅच टाइपचं, म्हणजे शोध आपल्या कीवर्डशी किती काटेकोर जुळायला हवा त्याचं, थोडक्यात सांगते. नुसता शब्द लिहिला की ब्रॉड (सगळ्यात सैल), दुहेरी अवतरणात फ्रेज (मधला), चौकोनी कंसात एग्झॅक्ट (सगळ्यात काटेकोर). एग्झॅक्टमध्येही त्याच अर्थाचे दुसरे शोध येतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. बजेट लहान असेल, तर फ्रेज आणि एग्झॅक्टने सुरुवात करा. ब्रॉड नंतर, तेही ऑर्डरचं कन्व्हर्जन ट्रॅकिंग (कोणत्या क्लिकमधून ऑर्डर आली याची नोंद) नीट बसल्यावर. जुन्या व्हिडिओंत अधिकचं चिन्ह लावून कीवर्ड लिहायला शिकवतात. ती पद्धत २०२१ मध्येच बंद झाली.

खरा जीव ओतायचा तो सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये. कीवर्ड म्हणजे आपण लावलेले शब्द, सर्च टर्म म्हणजे लोकांनी खरोखर टाइप केलेलं. नवीन कॅम्पेन असेल, तर तो रिपोर्ट रोज वाचा. त्यातून निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसायला नको ते, काढा: कलम, रोप, लागवड, फवारणी, रेसिपी. इथे एक मेख आहे. निगेटिव्हमध्ये समानार्थी शब्द किंवा अनेकवचन आपोआप धरलं जात नाही. 'रोप' अडवलं म्हणून 'रोपे' अडत नाही. आणि आपली माणसं मराठी सर्रास रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा दोन्ही लिपींतले शब्द घाला. मात्र 'भाव' हा शब्द सरसकट अडवू नका. 'हापूस पेटी भाव' शोधणारा बहुतेकदा घ्यायलाच आलेला असतो. 'बाजारभाव' आणि 'एपीएमसी' अडवा, तेवढं पुरतं.

लोकेशन सेटिंगही असंच डोळसपणे बघा. मूळ सेटिंगमध्ये त्या शहरातली माणसं येतात, तशीच त्या शहरात रस दाखवणारी बाहेरची माणसंही येतात. बरेच जण सांगतात, ते आधी बंद कर. प्लंबरच्या जाहिरातीसाठी मीही बंदच करेन. पण अमेरिकेत बसून पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवणारा मुलगा याच वाटेने येतो आणि तो चांगलं गिऱ्हाईक असतो. आम्ही ते चालू ठेवलंय.

जूनमध्ये पाऊस लागला की पेटीचे गट पॉज करायचे, पल्पचा चालू ठेवायचा. आणि सीझनभराच्या सर्च टर्म्स डाउनलोड करून ठेवायच्या. पुढच्या जानेवारीत गट लावायला बसताना कीवर्ड प्लॅनरच्या आधी मी तीच फाइल उघडते.