जुन्या छोट्या ट्रकचा सेल्फ आणि चार्जिंग: भाग बदलण्याआधी व्होल्ट मोजा

सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला आणि इंजिन जेमतेम फिरलं, की आधी बॅटरीवर संशय जातो, मग सेल्फवर. जुन्या गाडीत दोष बरेचदा या दोन्हींत नसतो, तो जोडांत असतो: गंजलेलं टर्मिनल, ढिला अर्थिंगचा बोल्ट, आवरणाखाली हिरवी पडलेली केबल. म्हणून नवा भाग आणण्याआधी साधा डिजिटल मल्टिमीटर हातात घ्या. खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत.

बॅटरी आणि जोड

गाडी चार-पाच तास उभी राहिल्यावरच बॅटरी मोजा. इंजिन बंद केल्या केल्या आकडा फसवा येतो. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर त्याच दिवशी चार्ज करा. तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी पुन्हा पूर्ण भरत नाही. झाकणं उघडणारी असतील तर हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) प्रत्येक सेल तपासा. एखाद्या सेलची घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला.

पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, अ‍ॅसिड कधीच नाही. प्लेटा उघड्या नसतील तर चार्जिंगनंतर घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि जास्तीचं पाणी अ‍ॅसिडसकट बाहेर सांडतं. सगळ्याच सेलचं पाणी भराभर कमी होत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) जास्त चार्ज करतोय का, ते पाहा.

टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. पांढरी-हिरवी बुरशी कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून धुवा. पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. शिसं चकचकीत होईपर्यंत वायर ब्रशने घासा, घट्ट बसवा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते चेसिस ही वेगळी अर्थिंग पट्टी लागतेच. ती तुटली तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लच केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल गरम लागली, तर थेट ती पट्टी तपासा.

ओझ्याखाली मोजणी

ही चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जाते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेलचा स्टॉप ओढून धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरची लाल तार बॅटरीच्या शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), काळी सेल्फ मोटरच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरत असताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. एकेक जोड वेगळा मोजत गेलं की तो सापडतो. मग इंजिन बॉडी ते निगेटिव्ह खांब असं मोजा: ०.३ च्या वर नको. करंट जात नसलेल्या केबलचे ओहम मोजून हे कळत नाही. २०० अँपिअर जात असताना केवळ ५ मिलिओहमचा अडथळा १ व्होल्ट खातो, आणि तेवढा बारीक अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही.

जोड ठीक असूनही सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली, तर बॅटरी थकलीय किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

आवाजही ऐका. भराभर टकटक म्हणजे व्होल्ट पडताहेत. एकच टक आणि हेडलाइट एकदम मंद: बॅटरी, जोड किंवा अडकलेली मोटर. एकच टक पण हेडलाइट तसेच प्रखर: सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) संपर्क जळलेत किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. मोटर घुं करून फिरते पण इंजिन हलत नाही: बेंडिक्सचा (सेल्फचा इंजिनात अडकणारा गिअर) क्लच घसरतोय किंवा फ्लायव्हील रिंगचे (तो ज्यात अडकतो ते इंजिनचं दातेरी कडं) दाते गेलेत. इंजिन थांबताना ठरावीक जागीच थांबतं, म्हणून दातेही त्याच जागी झिजतात.

सेल्फ खोललाच तर निम्म्यावर झिजलेले कार्बन बदला. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) बारीक सँड पेपरने घासा. एमरी पेपरचे वीजवाहक कण खाचांत अडकतात. बुश ढिले असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) बाहेरच्या स्थिर पोलला घासतं आणि सेल्फ जड फिरतो. बेंडिक्स पेट्रोलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस धुतलं जातं. एका वेळी १० सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मग निदान अर्धा मिनिट थांबा.

चार्जिंग

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फिरवणारा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १० मिलिमीटर दबावा. फार ताणला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपचं बेअरिंग जातं. व्ही पट्ट्याची पकड खाचेच्या बाजूंवर असते. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा झिजून खाली बसलाय, आणि मग कितीही ताणला तरी घसरणारच.

साधारण १५०० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. हेडलाइट लावून पुन्हा मोजा. आकडा १३ कडे घसरला तर पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन किंवा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तपासा. सतत १४.८ च्या वर असेल तर रेग्युलेटर बदला. चावी फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो का, हेही बघा: अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो, आणि बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही चार्ज करत नाही.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्ह केबलमध्ये अँपिअर मीटर घाला. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. ५० मिलिअँपिअरहून जास्त गळती असेल तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड तार काढा, तिचं टोक नीट झाका आणि पुन्हा मोजा. गळती थांबली तर डायोड गेलाय.

चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून चार्जिंग ‘तपासणं’ पूर्ण बंद करा. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टने डायोड आणि रेग्युलेटर जळतात. चेसिसवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि अल्टरनेटरच्या तारा काढून ठेवा.