बालमैत्रिणींच्या पुनर्भेटीची कथा लिहिताय? या चुका टाळा

दहावीच्या बॅचचा ग्रुप तयार होतो, सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या हॉटेलात पाचजणी भेटतात, रडतात, फोटो काढतात आणि कथा संपते. दर शनिवारी माझ्याकडे लिहायला बसणाऱ्या बायकांपैकी जवळपास प्रत्येकीने ही कथा एकदा तरी आणली आहे. विषय मला मनापासून आवडतो. आपल्या कथांत सासू-सून असते, आई-मुलगी असते, नवरा तर असतोच. मैत्रीण मात्र चहापुरती येते आणि निघून जाते. तिला मध्यभागी आणायचं तर नुसत्या भेटीवर भागत नाही.

भेटीला काम द्या

गेट-टुगेदरला कुणाचं काही अडलेलं नसतं, म्हणून तिथे काही घडतही नाही. त्याऐवजी असं धरून पाहा: पुण्याला स्थायिक झालेली एक बाई साखर पेठेतलं वडिलांचं घर विकायला सोलापूरला येते. घराच्या वरच्या खोलीत भाडेकरू आहे, आणि ती तिची लहानपणची मैत्रीण आहे. आठवीतून शाळा सुटलेली, तेव्हापासून विड्या वळणारी. एकीला खोली सोडल्याची सही हवी, दुसरीला छप्पर. आता दोघींनी काहीही बोललं तरी त्याला वजन आहे.

‘जणू कालच भेटलो होतो’

हे वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवते. पंचवीस-तीस वर्षं गेलेली असतात आणि लेखिका ती एका ओळीत पुसून टाकते. ती वर्षं बोलण्यात दिसली पाहिजेत. भाडेकरू मैत्रीण दार उघडून काय म्हणेल? ‘ये की गं’ म्हणेल, की ‘या ताई, बसा’? तो आदर ऐकून पुण्याच्या पाहुणीच्या पोटात जे तुटतं, ते दोन पानांच्या वर्णनाने साधणार नाही.

आठवणींचंही तेच. शाळा, डबा, चिंचा, पावसात भिजणं असा ढीग मध्येच ओतू नका. एकच प्रसंग घ्या आणि तो दोघींना वेगवेगळा आठवू द्या. एकीला आठवतं, आपण मैत्रिणीच्या घरी सुपाशी बसून गंमत म्हणून चार विड्या वळायचो. दुसरीला आठवतं, त्या चार विड्या कारखान्यात नापास व्हायच्या आणि आई तिलाच बोलायची. पहिलीला हे आजवर माहीतच नव्हतं. तुमची कथा इथे सुरू होते.

दुरावा का आला?

हस्तलिखितांत याची उत्तरं ठरलेली: दोघींचं एकाच मुलावर प्रेम, किंवा तिसरीने लावलेली काडी. खरं कारण पुष्कळदा इतकं नाट्यमय नसतं, आणि म्हणूनच जास्त बोचतं. बॅचमधल्या मुलांची यादी एका दुपारी पूर्ण होते, मुलींची होत नाही. आडनाव बदललेलं, कित्येकींचं तर पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. 1990च्या दशकात घरी फोन नसायचा. पाठवलेलं पत्र सासरी आधी कोण उघडेल याची खात्री नसायची. त्याच दशकात सोलापूरची लक्ष्मी-विष्णू ही कापडाची मिल बंद पडली. मिलमधल्या माणसाच्या मुलीचं लग्न घाईने उरकलं गेलं असेल, यंत्रमागवाल्या घरातली भिवंडीला दिली गेली असेल. कुणीही वाईट वागलेलं नाही आणि तरी दोघी एकमेकींना हरवल्या, हे लिहायला अवघड आहे. तेच लिहा.

सोलापूर नुसतं ताटात वाढू नका

शेंगा चटणी, कडक भाकरी, चादर, सिद्धेश्वरचा तलाव अशी यादी दिली म्हणजे कथा सोलापूरची झाली, असं नाही. गावाने कथेत अडथळा आणला पाहिजे, वाट दिली पाहिजे. वरच्या कथेतलंच बघा. इथला वाचक लगेच विचारेल: विडी कामगार आहे, मग सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत झाली, तिथे हिला घर का मिळालं नाही? पैसे भरायच्या वेळी नवरा आजारी होता का? भावाला दिलं का? उत्तर तुमच्याकडे तयार हवं, आणि शोधताना तुम्हाला ही बाई जास्त कळेल.

किंवा दोघींना कोजागरीला सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूरच्या वाटेवर चालायला लावा. सुमारे 45 किलोमीटर, रात्रभर. भांडण झालं तरी उठून जाता येत नाही. जायचं दोघींना एकाच दिशेला आहे.

भाषेकडे दुर्लक्ष तर अक्षम्य. शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातली मैत्रीण घरात तेलुगू बोलेल, विड्या मोजताना ‘ओकटी, रेंडू, मूडू’ म्हणेल, शेजारणीशी कन्नड किंवा उर्दूतही बोलेल. आणि पुण्याला वीस वर्षं शुद्ध बोलायला शिकलेलीच्या तोंडून नकळत सोलापुरी ‘काय करलालीस गं?’ कुठल्या क्षणी निघतं, तो क्षण हाताशी धरून ठेवा. एकदाच वापरा.

(एक करिअरवाली, एक गृहिणी, एक घटस्फोटित असे नमुने मांडू नका. यावर जास्त लिहीत नाही.)

खऱ्या मैत्रिणीची गोष्ट

ही चूक मी स्वतः केली आहे. एका मैत्रिणीने तलावाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलेलं मी कथेत घातलं. नाव, गाव, नवऱ्याची नोकरी, सगळं बदललं. एवढंच ठेवलं की ती तिचं पासबुक पिठाच्या डब्यात लपवते, कारण तो तपशील फार सुंदर होता. कथा छापून आल्यावर तिचा फोन आला. ती रागावली नव्हती. ‘पासबुकाची जागा बदलावी लागली मला,’ एवढंच म्हणाली. आता जो तपशील सोडवत नाही, तोच मी आधी तिला वाचून दाखवते. ती नको म्हणाली तर काढते.

शेवटी रडू आणि माफी

एकीने दुसरीची माफी मागायची, मग दोघींनी गळ्यात पडायचं, हा शेवट लिहून झाला असेल तर त्याच्या आधीच्या पानावर थांबून पाहा. सही होईल की नाही ते तुम्ही ठरवा. झाली असेल, तर खोली रिकामी करायला किती दिवस मिळाले, सूप आणि भांडी कशातून गेली, आणि त्या सकाळी पुण्याची बाई कुठे उभी होती, तेवढं लिहा.