गप्पीची पिल्लं टिकली ती अशी

गप्पी ही छोटी मासोळी थेट पोहती पिल्लं देते आणि संधी मिळाली की तीच गिळतेही. म्हणून पिल्लं वेगळ्या टाकीत हलवली, तरी रोज कमी होत होती. मेलेलं एकही दिसेना. फिल्टर उघडला, तर पिल्लं आत! पाण्याच्या ओढीने खेचली जात होती. तो काढून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावला. त्याची ओढ मंद असते, शिवाय स्पंजवर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लं दिवसभर टिपत बसतात. कोरा स्पंज मात्र लगेच कामाचा नाही. आधी मोठ्या टाकीत चालवून घेतला, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वस्ती करतात.

खाणं म्हणजे नेहमीचे फ्लेक्स (माशांच्या कोरड्या खाण्याच्या पापड्या), बोटांनी पीठ करून, दिवसातून तीन-चारदा, चिमटीपेक्षाही कमी. आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची अंडी मिठाच्या पाण्यात साधारण २४ ते ३६ तासांत फुटतात. ते जिवंत खाणं मिळालं की वाढ नजरेत भरते. उकडलेल्या अंड्याचा बलक बरेच जण सुचवतात. मला पटत नाही, पाणी फार लवकर नासतं. उरलेलं खाणं बारीक नळीने ओढून काढायचं, नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून. तापमान २५-२६ अंश. लपायला जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळाचा एक गोळा पुरतो.