सी वन अ‍ॅडव्हान्स्डची तयारी: पेपर कमी सोडवा, चुका जास्त वाचा

केंब्रिजच्या सी वन अ‍ॅडव्हान्स्ड या इंग्लिशच्या परीक्षेत पहिल्या अटेम्प्टला माझा स्कोअर आला १७८. सी वन लेव्हलला लागतात १८०. दोन पॉइंट! आता याला अगदी नापास म्हणत नाहीत, १६० ते १७९ मध्ये आलात तर बी टू, म्हणजे एक पायरी खालच्या लेव्हलचं सर्टिफिकेट हातात देतात, पण मला जिथे मास्टर्स करायचं होतं तिथे सी वन मागितलं होतं त्यामुळे माझ्यासाठी तो कागद असून नसल्यासारखाच. आणि सगळ्यात जास्त चीड कशाची आली तर मी त्याआधी वीस-बावीस प्रॅक्टिस पेपर सोडवले होते, घड्याळ लावून, अगदी मन लावून. दुसऱ्या वेळी फक्त सहा सोडवले आणि १९१ आले. म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी माहिती, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडा. केंब्रिजची ही परीक्षा १९९१ पासून आहे, जुने लोक अजून सीएई (सर्टिफिकेट इन अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश) म्हणतात. चार पेपर असतात: रीडिंग आणि यूज ऑफ इंग्लिश मिळून दीड तास, रायटिंग दीड तास, लिसनिंग साधारण ४० मिनिटं, आणि स्पीकिंग १५ मिनिटं, तेही जोडीने. पेपर चार पण स्कोअर पाच मिळतात, कारण रीडिंग आणि यूज ऑफ इंग्लिशचे वेगळे मोजतात. या पाचांची सरासरी म्हणजे तुमचा फायनल स्कोअर. १८० ते १९२ सी ग्रेड, १९३ ते १९९ बी, आणि २०० पासून पुढे ए, ज्यात तुमची लेव्हल थेट सी टू, म्हणजे सी वनच्याही वरची धरतात. फॉर्म भरायच्या आधी तुमची युनिव्हर्सिटी एकूण किती मागते आणि प्रत्येक स्किलला वेगळा मिनिमम आहे का हे अ‍ॅडमिशनच्या पानावर नीट बघा. सर्टिफिकेटवर एक्सपायरी डेट नसते, तरी काही ठिकाणी फार जुनं चालत नाही.

तर माझे पहिल्या वेळचे पाच आकडे असे होते: रीडिंग १८६, यूज ऑफ इंग्लिश १६६, रायटिंग १७२, लिसनिंग १८१, स्पीकिंग १८५. बघितलंत ना? तीन ठिकाणी मी सी वनला होते आणि दोन ठिकाणी खड्डा. आणि मी काय करत होते तर जे येतं तेच परत परत करत होते, कारण रीडिंगचे प्रश्न बरोबर आले की बरं वाटतं. म्हणून पहिलं काम हे करा, एक पूर्ण सँपल पेपर सोडवा, केंब्रिजच्या साइटवर फुकट मिळतात, आणि पाचही भागांचे मार्क वेगळे लिहून काढा. मग सर्वात खालच्या दोन भागांना अर्ध्याहून जास्त वेळ द्या. जुनी पुस्तकं कोणी दिली तर एक बघून घ्या, २०१५ मध्ये पेपरचा फॉरमॅट बदलला, त्याआधीच्या पुस्तकात रीडिंग आणि यूज ऑफ इंग्लिश वेगवेगळे पेपर आहेत.

वेळ किती लागतो हा सगळ्यांचा प्रश्न. केंब्रिजचाच अंदाज आहे की शून्यापासून बी टूपर्यंत ५०० ते ६०० तास आणि सी वनपर्यंत ७०० ते ८००. म्हणजे आत्ता तुम्ही पक्के बी टू असाल तर अजून २०० तास धरा. रोज दोन तास म्हटलं तरी तीन-साडेतीन महिने. कॉलेजच्या सबमिशनच्या महिन्यात परीक्षेची तारीख घेऊ नका, मी घेतली होती.

आता यूज ऑफ इंग्लिश, इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. आपण शाळेपासून ग्रामरचे नियम पाठ केलेले असतात त्यामुळे वाटतं की हे तर येतंच. पण सी वनला नियम कोणी विचारत नाही, कोणता शब्द कोणाशेजारी बसतो हे विचारतात. पहिल्या पार्टला चार पर्याय देतात आणि चारही डिक्शनरीत जवळपास सारखे. रेज, राइज, लिफ्ट, एलिव्हेट. आता पुढे अवेअरनेस असेल तर रेजच येणार, आणि त्याला कारण नाही, लोक तसं बोलतात एवढंच. म्हणून सुटे शब्द पाठ करणं आजच बंद करा. शब्द लिहायचा तर त्याच्या शेजाऱ्यासकट लिहा. नुसतं डिसिजन लिहू नका, रीच अ डिसिजन लिहा.

दुसऱ्या पार्टमध्ये रिकाम्या जागेत एकच शब्द भरायचा आणि पर्याय नसतात. तिथे बहुतेक वेळा बारके शब्दच येतात, ऑफ, विच, दो, अ‍ॅज, द वगैरे. आपल्या भाषेत अ, अ‍ॅन, द हा प्रकारच नाही, म्हणून ते आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत, वाचताना डोळा त्यावरून घसरून जातो. यावर मी केलेला उपाय असा, एखाद्या लेखातला एक पॅरा घ्यायचा, त्यातले सगळे बारके शब्द खोडायचे, दुसऱ्या दिवशी परत भरायचे. दहा मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण महिन्याभरात फरक कळतो.

तिसऱ्या पार्टला मूळ शब्दापासून नवा शब्द बनवायचा. इथली फसवणूक म्हणजे उलटा अर्थ. रिलाय दिलंय, तुम्ही आनंदाने रिलायेबल लिहिता, आणि वाक्य मात्र सांगत असतं की त्या माणसावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणजे अनरिलायेबल. पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय पेन उचलू नका. स्पेलिंग चुकलं तर मार्क गेला.

चौथा पार्ट माझा दुश्मन. एक वाक्य देतात, तेच दुसऱ्या शब्दांत लिहायचं, दिलेला शब्द न बदलता वापरायचा, आणि तो धरून तीन ते सहाच शब्दांत गॅप भरायची. डोन्टसारखा शब्द दोन शब्द म्हणून मोजतात. समजा वाक्य आहे द मॅनेजर सेड द डिले वॉज माय फॉल्ट, आणि दिलेला शब्द रिस्पॉन्सिबल. उत्तर: द मॅनेजर हेल्ड मी रिस्पॉन्सिबल फॉर द डिले. प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क आहेत आणि ते अर्धे अर्धे देतात, म्हणजे हेल्ड मी आठवलं नाही तरी रिस्पॉन्सिबल फॉर बरोबर लिहिलं तर एक मिळतो. त्यामुळे काहीच सोडू नका. तसंही निगेटिव्ह मार्किंग कुठेच नाही.

आता चुकांची वही, जिच्यामुळे माझं काम झालं. प्रत्येक चुकीसाठी चार गोष्टी लिहायच्या: प्रश्न, मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि मला माझं उत्तर का बरोबर वाटलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लिहायचा सगळ्यात कंटाळा येतो. पण महिनाभराने वही चाळली तेव्हा कळलं की माझ्या चुका शंभर नव्हत्याच, सात-आठच होत्या आणि त्याच फिरून फिरून येत होत्या. मी डिस्कस अबाउट लिहायचे. सिन्स टेन इयर्स लिहायचे. वन ऑफ द म्हटलं की पुढचं नाम एकवचनी करायचे. आणि प्रत्येक वेळी कारण एकच, मराठीत मनात वाक्य तयार व्हायचं आणि मग ते उलथवायचं. दहा दिवसांनी वहीतले प्रश्न उत्तर झाकून परत सोडवा, जे दोनदा बरोबर आले ते खोडा, खोडायला फार मजा येते. एक पेपर सोडवायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो तपासायला लागला पाहिजे, नाहीतर तो पेपर वाया गेला समजा.

रायटिंगला दोन उत्तरं, प्रत्येकी २२० ते २६० शब्द. पहिला एसे कम्पल्सरी. त्यात तीन मुद्दे देतात आणि दोनच घ्यायचे असतात, घाबरून तिन्ही कोंबणारे लोक मी बघितलेत, मग एकही मुद्दा धड होत नाही. सोबत काही लोकांची मतं दिलेली असतात, ती वापरली तर आपल्या शब्दांत. दुसऱ्या प्रश्नाला तीन पर्याय, लेटर किंवा ईमेल, रिपोर्ट, प्रपोजल, रिव्ह्यू यातले. रिपोर्ट आणि प्रपोजल सारखे वाटतात पण रिपोर्टमध्ये काय झालं, काय आहे यावर भर आणि शेवटी शिफारस, प्रपोजलमध्ये पुढे काय करावं यावर भर आणि समोरच्याला पटवायचंय हे लक्षात ठेवा. चार गोष्टी तपासतात आणि प्रत्येकीला पाचपैकी मार्क: विचारलेलं सगळं आलं का, ज्याला लिहिताय त्याला शोभेल असं लिहिलंय का, मांडणी, आणि भाषा. म्हणजे भाषा चारातली एकच! मी पहिल्या वेळी जड जड शब्द पेरत बसले, प्रत्येक पॅरा मोरओव्हर नाहीतर फर्दरमोअरने सुरू, आणि रिव्ह्यू वाचला तर सरकारी नोटीस वाटावी असा. मैत्रिणीने वाचून विचारलं, तुला ती जागा आवडली की नाही? तिला कळलंच नव्हतं.

मी नंतर प्रत्येक उत्तराच्या ४५ मिनिटांचे असे भाग केले: दहा मिनिटं नुसता आराखडा, तीस मिनिटं लिहिणं, पाच मिनिटं फक्त माझ्या वहीतल्या चुका शोधणं. सगळ्या चुका शोधायला गेलं की एकही सापडत नाही. आणि चॅटबॉटला निबंध सुधारून दे असं म्हणू नका, तो छान करून देतो आणि तुम्ही मान डोलावून पुढे जाता. चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग, दुरुस्ती मी करते, असं सांगा. आणि तो सांगेल ते सगळं बरोबरच असेल असंही नाही.

रीडिंगवर फार लिहीत नाही. वेळ सांभाळा, यूज ऑफ इंग्लिशचे चार पार्ट अर्ध्या तासात उरका आणि तासभर रीडिंगला ठेवा, कारण पाच, सहा आणि सात या पार्टमध्ये प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क आहेत. सातव्यात लेखातले सहा पॅरा काढून ठेवलेले असतात आणि जागेवर बसवायला सात देतात, एक फालतू. तिथे विषय बघू नका, दिस, सच, दीज, ही असले शब्द बघा आणि ते मागच्या कोणत्या गोष्टीकडे बोट दाखवतायत ते शोधा.

लिसनिंगमध्ये प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात. गोची अशी की तुम्हाला पर्यायांत दिसणारा शब्द बोलणारा मुद्दाम उच्चारतो आणि लगेच फिरवतो, आधी मला तसं वाटलं होतं पण, असं काहीतरी. शब्द ऐकू आला म्हणून टिक करणारा माणूस इथे हमखास फसतो. चौथ्या पार्टमध्ये पाच माणसं आणि दोन टास्क एकाच वेळी, मी पहिल्या फेरीत पहिला टास्क आणि दुसऱ्या फेरीत दुसरा असं करायचे, काही जणांना दोन्ही एकदम जमतात, घरी दोन्ही करून बघा. सरावाला तासभर पॉडकास्ट लावून भांडी घासण्यापेक्षा दोन मिनिटांची क्लिप घ्या, शब्दन् शब्द लिहून काढा, मग ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघा. जिथे ऐकू आलं नाही तिथे शब्द अवघड नसतो बहुतेक वेळा, दोन सोपे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात.

स्पीकिंगला समोर दोन एक्झामिनर, एक बोलतो आणि दुसरा नुसता ऐकून मार्क देतो, त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, काही कळत नाही. अ‍ॅक्सेंटची काळजी सोडा, तुमचं बोलणं समजलं पाहिजे एवढंच, पण शब्दात जोर कुठे द्यायचा ते मात्र शिका, जोर चुकला की ओळखीचा शब्दही समोरच्याला कळत नाही. तीन फोटोंपैकी दोन घेऊन एक मिनिट बोलायचं असतं, आणि बहुतेक लोक त्या मिनिटात फोटोत काय दिसतंय तेच सांगत बसतात, टेबल आहे, बाई आहे, खिडकी आहे. फोटो एक्झामिनरलाही दिसतोय की! दोन्हींची तुलना करा आणि अंदाज बांधा, ती बहुतेक खूप वेळ वाट बघत असावी, हे इंग्लिशमध्ये शी मस्ट हॅव बीन वेटिंग फॉर एजेस. फोनवर मिनिटाचा टायमर लावून स्वतःला रेकॉर्ड करा, पहिली दहा रेकॉर्डिंग ऐकताना लाज वाटेल, अकराव्यापासून चुका ऐकू यायला लागतात.

तिसऱ्या भागात पार्टनरशी चर्चा करायची, आणि पार्टनर कोण मिळेल ते तुमच्या हातात नाही. माझी दुसऱ्या वेळची पार्टनर इतकी घाबरली होती की पहिल्या वाक्यानंतर गप्पच. मी दोन सेकंद थांबले आणि तिला विचारलं की तू म्हणालीस ते पैशांच्या बाबतीतही लागू होतं का, आणि ती सुटली, बोलतच राहिली. समोरच्याला बोलतं करणं यालाही इथे मार्क आहेत, मार्क देण्याच्या त्या निकषाचं नावच इंटरॅक्टिव्ह कम्युनिकेशन. उलट पार्टनर थांबतच नसेल तर तो श्वास घेईल तेव्हा त्याचाच एखादा शब्द उचला आणि तिथून आपलं सुरू करा.