जुन्या घडीच्या चाकूचं वय कसं ओळखाल?
जुना चाकू हाती आला की लगेच घासूनपुसून चकचकीत करू नका. अक्षरं झिजली तर पुरावाच गेला. पातं उघडा. मुठीला लागून जो बिनधारेचा भाग असतो, तो तिरप्या उजेडात भिंगातून पाहा. कंपनीचा ठसा बहुधा तिथेच असतो. 'व्हिक्टोरिनॉक्स' हे स्विस कंपनीचं नाव दिसलं तर चाकू १९२१ च्या आधीचा नाही, कारण तोवर हे नावच नव्हतं. अमेरिकेच्या 'केस' (Case) या चाकू कंपनीनं तर कामच सोपं केलंय: १९७० च्या ठशात दहा ठिपके, पुढे दरवर्षी एक कमी. चार ठिपके म्हणजे १९७६. १९८० ला पुन्हा दहा, पण तेव्हाच्या ठशातला इंग्रजी 'एस' विजेसारखा वाकडातिकडा. मुठीवर मात्र फार विसंबू नका, ती बदललेलीही असू शकते.