ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताची स्लीव्ह कशी घालायची (आपल्या कोकणच्या हवेत)

काखेतल्या लिम्फच्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या आणि वर रेडिएशनही झालं की हातातलं लिम्फचं (पेशींभोवतीचं) पाणी परत वर जायची वाट कमी होते, मग हात सुजतो. लिम्फेडेमा म्हणतात याला. ही सूज आवरायला हातावर घालायची इलॅस्टिकची घट्ट बाही, तीच स्लीव्ह. काही महिन्यांनी येतो, कधी काही वर्षांनी, त्यामुळे 'सुटलीस आता' म्हणणाऱ्यांचं ऐकून हाताकडे दुर्लक्ष करू नका.

माप: महिन्यातून एकदा टेपने दोन्ही हात मोजा, मनगटापासून वर दर 10 सेंमीवर, आणि लिहून ठेवा. फरक वाढत 2 सेंमीपर्यंत गेला, किंवा त्याच हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, ब्लाऊजची बाही घट्ट झाली, तर फिजिओथेरपिस्ट गाठा.

स्लीव्ह: मापाचीच घ्या, आणि दोन घ्या. मेडिकलमधली क्रेप बँडेज गुंडाळून भागत नाही. सूज जास्त असेल तर ती आधी फिजिओकडून उतरवून मगच स्लीव्हचं माप.

घालणं: इथेच बहुतेक जणी हात टेकतात. मी पण रडकुंडीला आलेले, कारण कोणी नीट दाखवतच नाही, 'ओढून घाला' एवढंच सांगतात आणि रत्नागिरी-मालवणकडे मे महिन्यात सकाळी सातलाच अंग घामाने चिकट झालेलं असतं, त्यावर ते घट्ट कापड सरकतच नाही. तर वेळ पहिली बघा. झोपून उठल्यावर सूज सर्वात कमी असते, तेव्हाच घालायची, पाणी भरून चुलीपाशी जाऊन आल्यावर नाही. आंघोळ सकाळी करत असाल तर नंतर पंख्याखाली बसा, हात पूर्ण कोरडा होऊ दे, थोडी टाल्कम पावडर लावा. तेल अजिबात नाही, तेलाने हात सटकतो आणि स्लीव्हचं इलॅस्टिकही मरतं, खोबरेल लावायचंच तर रात्री स्लीव्ह काढल्यावर.

दुसऱ्या हातात भांडी घासायचा रबरी ग्लोव्ह घाला, हे मला फार उशिरा कळलं आणि तिथून सगळं सोपं झालं. स्लीव्हचा वरचा अर्धा भाग उलटा दुमडा, मनगट जागेवर बसवा, मग तळव्याने थोडं थोडं वर सरकवत न्या. वरची कड धरून खेचू नका, कापड वर गोळा होतं आणि खाली सैल राहतं. दंडावर उरलेलं कापड दुमडून ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात, तसं कधीच करू नका!! ती दुमड दोरीसारखी आवळते आणि पाणी खालीच अडकतं. एकही चुणी नको. बोटं बधिर झाली, निळसर पडली तर लगेच काढा. पंजा सुजायला लागला तर पंजाचा वेगळा ग्लोव्ह लागतो, फिजिओला विचारा.

धुणं: रोज, साध्या साबणाने, सावलीत पसरून. पावसात वाळत नाही म्हणून चुलीवर धरू नका, दुसरी स्लीव्ह त्यासाठीच आहे. साधारण सहा महिन्यांनी बदला.

आता दोन सल्ले जे मला ऐकवत नाहीत. एक, 'तेल लावून जोरात चोळून घे'. लिम्फसाठीचा मसाज एकदम हलका असतो, आणि हाताला लावायच्या आधी मानेपासून आणि चांगल्या बाजूच्या काखेपासून सुरू होतो. दुसरा, 'त्या हाताने काही उचलू नको'. 2009 मध्ये अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या 141 बायकांवरचा अभ्यास आला, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्यांची सूज त्यामुळे वाढली नाही. हात वापरा, फक्त वजन हळूहळू वाढवा.

जपायचं ते कातडीला. मासे साफ करताना, चिखलात लावणी करताना ग्लोव्ह घाला, शेंगाळ्याचा काटा टोचला किंवा ओल्या काजूचा चीक उडला तर लगेच धुवा. आणि हात लाल, गरम होऊन थंडी-ताप आला तर हळदीचा लेप लावून रात्र काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिक लागतं.